बनफशा आणि आठ चिंचोके

पेण
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

मृणाली,

आज, म्हणजे मंगळवार दिनांक ७ जानेवारी रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका अनोळखी डॉक्टरने माझ्या वडिलांचा फोटो माझ्या नाकासमोर धरला आणि मला विचारलं, "हे आजोबा कोण?"

वेळ नक्की सांगू शकते, कारण त्याच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं आणि उत्तर देण्याऐवजी मी त्या घड्याळाकडे बघत बसले होते. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्द सुचला नाही असं सहसा झालं नाही.

फोटो तुझ्या चहाच्या डब्यावरचा होता. दादा दवाखान्याच्या पायरीवर उभे आहेत, हात मागे बांधलेले. खाली जांभळ्या अक्षरांत "वैद्य विष्णु टिपणीस यांचा पारंपरिक बनफशा चहा". आणि त्याखाली, "खोकला, कफ, घसा. रोज दोन कप. कितीही दिवस, निर्धास्त."

डबा सरूच्या पिशवीत होता. सरू तुला आठवेल. गडब गावची, माझ्याकडे पंचवीस वर्षं स्वयंपाक करते. तू लहान असताना सुट्टीत आलीस की तिच्या मागे मागे फिरायचीस. हिवाळ्यात नवऱ्याबरोबर मिठागरावर जाते आणि तिथून परतताना माझ्याकडे येते. काल दुपारी ती भाजी निवडता निवडता खोकली आणि उठून मोरीकडे गेली. मी चष्मा शोधत मागे गेले. मोरीत रक्त होतं. फार नव्हतं, चमचाभर. ती घाईघाईने पाणी ओतत होती.

"काय नाय बाई. पान खाल्लेला."

सरू पान खात नाही.

आज तिला सरकारी दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरने तो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या बाजूला वरच्या भागात पांढरं पांढरं दिसत होतं, सारवताना बोटं उमटतात तसं. टीबी आहे असं तो जवळजवळ खात्रीने म्हणाला. थुंकी तपासायला गेली आहे. मग त्याने विचारलं, खोकला कधीपासून. सरू म्हणाली, नवरात्रापासून. "तीन महिने? आणि केलं काय इतके दिवस?" तेव्हा सरूने पिशवीतून तो डबा काढला आणि मोठ्या विश्वासाने टेबलावर ठेवला. "औषध चालू हाय ना. ह्यो काढा."

डॉक्टर तरुण आहे, तुझ्याहून लहान असेल. रागावला नाही. दोन महिने आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाला. आणि मग तो प्रश्न.

मी सांगितलं, "माझे वडील."

आता तू ऐक.

एक. माझे वडील वैद्य नव्हते. रोह्याच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर होते. त्यांना वैद्य केलं कुणी?

दोन. बनफशाचं फूल ताजं असताना जांभळं असतं. वाळलं की मातकट होतं, आणि त्याचा काढा कोऱ्या चहासारखा तपकिरी दिसतो. सरूने दवाखान्याच्या बाकावर थर्मासमधून ओतलेला तुझा चहा शाईसारखा जांभळा होता. तू त्यात गोकर्णाची फुलं घातली आहेस. मला शिकवू नकोस, माझ्या कुंपणावर गोकर्ण आहे.

तीन. दादांनी काढ्याची पुडी कधीही, कुणाच्याही हातात दिली नाही. बाटलीत भरून दिला नाही. माणूस समोर उभा राहून प्यायचा, आणि त्याआधी दादा त्याला एकच विचारायचे, "किती दिवस?" म्हणजे खोकला किती दिवसांचा. मी तुला २०१९ साली जी नक्कल दिली, ती वहीतून अक्षरन् अक्षर उतरवून दिली होती. त्यात तुला "कितीही दिवस" कुठे सापडलं ते दाखव.

डबा सरूकडे कसा आला या तपशिलात मी इथे शिरत नाही. तो मुद्दा नाही.

रविवार, १२ जानेवारी, दुपारी बारापर्यंत मला लेखी उत्तर हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

वत्सला टिपणीस

---

पेण
सोमवार, १३ जानेवारी २०२५

मृणाली,

रविवारी बाराच्या ठोक्याला तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलंस. हे उत्तर नाही. हात जोडायचे असतील तर रोह्याहून पेणला एसटी येते.

मग मीच फोन केला. साडेतीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तुझ्या बाबांसारखा झाला आहे, विशेषतः चिडल्यावर. तू म्हणालीस, "आत्या, डब्यावर लहान अक्षरांत लिहिलंय, त्रास राहिला तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा." मी भिंग घेऊन बघितलं. लिहिलं आहे, वजन आणि पिनकोडच्या मधे. सरूला मोठी अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत. तिने फोटो वाचला. त्या चेहऱ्याच्या माणसाने तिच्या आईला बरं केलं होतं.

हो, हे मलाही आत्ताच कळलं. सरूचं माहेर रोह्याजवळचं. शनिवारी तिचा मुलगा मिथुन डोलवीच्या कारखान्यातली ड्यूटी आटपून मला घ्यायला आला, म्हणून गडबला गेले. सरू ओट्यावर वेगळी बसली होती, तोंडाला फडकं बांधून. थुंकीचा रिपोर्ट आला आहे. टीबीच आहे. सहा महिने गोळ्या. मिथुनच्या बायकोची, प्रतिक्षाची, आणि त्यांच्या दीड वर्षाच्या पोरीची तपासणी व्हायची आहे. पोर सरूच्या मांडीवर निजायची. आता दारातून हात पसरून रडते आणि प्रतिक्षा तिला आत ओढून नेते. सरू तिकडे बघत नाही. मिठागराच्या दिशेला तोंड करून बसते.

मी म्हटलं, "सरू, मला एकदा तरी सांगायचंस की खोकला थांबत नाही."

ती म्हणाली, "रोज खोकत व्हते तुमच्याच सैपाकघरात. तुमाला ऐकू नाय आला?"



मग म्हणाली, "बाई, तुमीच सांगलाव ना, माज्या बापाचा काढा हाय, खोकला पलून जाईल. मंग डागतराकडं कशाला जावाचा?"

आता लिहूनच टाकते, कारण डबे सरूकडे कसे आले ते तू फोनवर विचारलंस आणि मी फोन ठेवला. दिवाळीत तू मला खोका पाठवला होतास. सहा डबे, वर रेशमी फीत, आत चिठ्ठी, "आत्या, आजोबांचं नाव जिवंत ठेवतेय. एकदा पिऊन बघ." मी प्यायले नाही. तू कंपनीतली केमिस्टची नोकरी सोडून चहा विकायला निघालीस तेव्हा मी तुला जे बोलले, त्यानंतर तुझा चहा पिणं म्हणजे माघार घेणं झालं असतं. फेकायचा जीव झाला नाही, दादांचा फोटो होता. समोर सरू खोकत होती. सहाचे सहा डबे तिच्या पिशवीत घातले आणि ते वाक्य बोलले. उपकार केल्यासारखं बोलले.

म्हणून काय झालं? डब्यावरचा मजकूर तुझा आहे. मी दिला नसता तर तिने दुकानातून घेतला असता.

घेतला असता का, ते बघायला काल रविवारी तुझा फोन झाल्यावर रोह्याला गेले. तुझ्याकडे आले नाही. कारखान्यांच्या वस्तीत, धाटावच्या नाक्यावर उतरले. तुझे डबे तीन टपऱ्यांवर होते. एका टपरीवर तयार चहाच मिळत होता, काचेच्या ग्लासात, जांभळा. दुपारची शिफ्ट सुटली होती. एक माणूस हेल्मेट काखेत धरून पीत होता, मधेच तोंड वळवून खोकत होता.

मी विचारलं, "किती दिवस?"

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. मी दादांची मुलगी आहे एवढंच.

"काय किती दिवस, मावशी?"

"खोकला."

"तो काय, दिवाळीपासून हाय. प्लांटमधला वास जातो ना छातीत. हा मारला की बरा वाटतो." आणि टपरीवाल्याला म्हणाला, "मावशीला पण दे एक. वैदूचा हाय मावशी, अस्सल."

टपरीवाला हसत म्हणाला, "पूर्वीचे लोक ह्याच्यावर शंभर शंभर जगले."

दादा एकाहत्तराव्या वर्षी गेले.

मी त्या माणसाला सांगितलं, उद्याच्या उद्या थुंकी तपास. तो म्हणाला, "मावशी, तुमी कोण? डॉक्टर?" मी म्हटलं, नाही, मास्तरीण. सगळे हसले. त्याने नाव सांगितलं नाही. शिफ्टची बस आली आणि तो गेला. निळा शर्ट, उजव्या भुवईवर खूण. मी त्याला आता कुठे शोधू?

मला तुझ्याकडून लेखी हवं आहे: "कितीही दिवस" हे शब्द तुला कुणी दिले. आणि फोनवर बोलता बोलता ठसकत होतीस, पाणी पीत जा.

गुरुवार, १६ तारखेपर्यंत.

वत्सलाआत्या

---

पेण
शनिवार, १८ जानेवारी २०२५

मृणाली,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही. फक्त माझ्या नक्कलेची झेरॉक्स, बारा पानं, आणि पहिल्या पानावर तुझ्या लाल पेनाने एक वर्तुळ. मी मुलांच्या चुकांना करायचे तसंच.

वर्तुळात माझं अक्षर आहे. नन्सनी पट्टीने बोटांवर मारून घडवलेलं, सुबक, उजवीकडे कललेलं. इंग्रजीत लिहिलं आहे, "विष्णु अनंत टिपणीस, हर्बल फिजिशियन, यांचे उपचार." आणि बनफशाच्या काढ्याखाली, "दिवसातून दोनदा, बरे वाटेपर्यंत."

बरे वाटेपर्यंत.

तू त्याचं मराठीत "कितीही दिवस" केलंस. माझ्या विद्यार्थिनीने असं भाषांतर केलं असतं तर मी फार गुण कापले नसते.

दोन दिवस मी दादांची मूळ वही काढली नाही. ती कपाटात साडीत गुंडाळून ठेवली आहे. आज सकाळी काढली. मी तुला इथे शब्दशः उतरवून देते. यावेळी खरोखर शब्दशः.

"बनफशाची फुले अर्धा तोळा. मूळ येऊ देऊ नये, मळमळते. ज्येष्ठमध पाव तोळा. सुकी भोकरे सात, बी काढून. रात्री भिजत, सकाळी मंदाग्नीवर निम्मे होईतो आटवणे. मलमल दुहेरी करून गाळणे, लव घशात टोचते. खडीसाखर. कोरडा खोकला, घसा, छाती भरणे यांस उतार पडतो. रोग जात नाही, उतार पडतो. काढा शिकवणाऱ्या हकीमसाहेबांनी हे दोनदा बजावले आहे. समोर पाजणे. आठ दिवस. नवव्या दिवशी खोकला असल्यास काढा देऊ नये. उतार पडला म्हणून माणूस डॉक्टरांकडे जात नाही आणि आतला रोग वाढतो. हात धरून डॉक्टरांकडे नेणे. मी कंपाउंडर आहे."

हे शेवटचं वाक्य प्रत्येक पानाच्या खाली आहे. प्रत्येक. पोटदुखीच्या पानाखाली, गळवाच्या पानाखाली. "मी कंपाउंडर आहे." सही करावी तसं.

आणि चिंचोके. ते तुला मी कधी सांगितलंच नाही. दवाखाना उघडायच्या आधी दादा पायरीवर काढ्याचं पातेलं घेऊन बसायचे. येणारे बहुतेक अक्षरशत्रू. मग प्रत्येकासाठी एक रिकामी औषधाची बाटली आणि तिच्यात आठ चिंचोके. बाटलीला ओळख म्हणून त्या माणसाच्याच कपड्याची चिंधी. एक पेला प्याला की एक चिंचोका त्यानेच बाहेर काढून टाकायचा. बाटली रिकामी झाली की काढा बंद. कुणी गयावया करायचं, "दादा, अजून दोन दिस द्या, बरा वाटतो." दादा बाटली उलटी करून दाखवायचे. "चिंचोका कुठाय? चला आत." आणि मनगट धरून त्याला डॉक्टरांसमोर उभं करायचे. लहानपणी त्या बाटल्यांत चिंचोके मोजून घालायचं काम माझं होतं. आठ. नववा घातला तर चापट.

सरूची आई त्यातलीच. सरूला बाटलीवरची चिंधीसुद्धा आठवते, हिरव्या लुगड्याची. काढ्याने तिची आई बरी झाली नव्हती, गं. नवव्या दिवशी दादांनी तिला हात धरून आत नेलं आणि तिला मोठ्या इस्पितळात धाडलं, म्हणून बरी झाली. सरू तेव्हा लहान होती. तिच्या लक्षात काढा राहिला.

आता तू विचारशील, मी ते का गाळलं. विसरले असं लिहून टाकावं असं तीन वेळा वाटलं. तीन कागद फाडले.

विसरले नव्हते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि नन्सच्या मेहरबानीवर मला मुंबईच्या बोर्डिंगात फीमाफी मिळाली होती. तिथे पहिल्याच आठवड्यात मुलींनी विचारलं, तुझे वडील काय करतात. मी म्हटलं, डॉक्टर. बारा वर्षांची होते. दोन वर्षं ते खपलं. मग एका थंडीत मला खोकला झाला, नन्सनी घरी पत्र टाकलं आणि दादा आले. धोतर, कोट, हातात काढ्याचा थर्मास. फाटकावरच्या सिस्टरने अदबीने विचारलं, "डॉक्टर टिपणीस?" मुली जिन्यावर उभ्या होत्या. दादांनी पाठ करून आणल्यासारखं इंग्रजीत सांगितलं, "नो सिस्टर. आय अ‍ॅम कंपाउंडर." अभिमानाने सांगितलं. जिन्यावर हशा पिकला.

त्यांनी समोर पाजायचा म्हणून थर्मासचं झाकण भरलं. मी म्हटलं, नंतर पिते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणावर तरी विश्वास ठेवून काढा मागे ठेवला. मी तो हात धुवायच्या भांड्यात ओतला.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी तू वही मागितलीस. मूळ देववेना. नक्कल करायला बसले आणि प्रत्येक पानाखाली ते वाक्य आलं. पहिल्या पानावर मी ते लिहिलंच नाही. मग आठ दिवस आणि डॉक्टर हेही लिहिता येईना. जो माणूस प्रत्येक रोग्याला दुसऱ्याकडे पाठवतो तो फिजिशियन कसा दिसणार? म्हणून "बरे वाटेपर्यंत". छान दिसलं ते. शाई वाळेपर्यंत बघत बसले होते.

वैद्य त्यांना तू केलं नाहीस. ते मी केलं, सहा वर्षांपूर्वी, माझ्या जेवणाच्या टेबलावर.

पहिल्या पत्रात मी लिहिलं आहे की अक्षरन् अक्षर उतरवून दिलं. ते खोटं आहे. ते पत्र जपून ठेव.

आज कुठलीही मुदत घालत नाही.

आत्या

---

पेण
बुधवार, २२ जानेवारी २०२५

मृणाली,

काल गडबला जाऊन सरूसमोर बसून तिला पत्र वाचून दाखवलं. माफीचं. आदल्या दिवशी लिहिलं होतं, सोप्या भाषेत, तरी दीड पान झालं. ती फडक्याआडून ऐकत होती. मधेच म्हणाली, "बाई, अजून कवडा हाय? ऊन आला."

मी म्हटलं, संपलंच.

"तुमी मना मुद्दाम मारायला दिलाव काय?"

"नाही गं."

"मंग झाला. आता वाचत बसण्यापेक्षा माज्या गोल्या नीट हायत का बघा. हितेशची बायको सांगते लाल रंगाच्या असतात, माज्या वेगल्याच दिसतात." हितेश म्हणजे शेजारचा. मी गोळ्या बघितल्या, दवाखान्याच्या कागदाशी पडताळल्या. बरोबर होत्या. मग ती म्हणाली, "वाईट एकच वाटतो. पोरीला घेता येत नाय." डोळे कोरडे होते तिचे. माझे नव्हते, ते सोड.

पोरीचा एक्स-रे स्वच्छ आला आहे. प्रतिक्षाचाही. पोरीला तरी खबरदारीचं औषध सुरू केलं. माझाही काढला, स्वच्छ आहे. सरूचं वजन मात्र नऊ किलोने उतरलं आहे. डॉक्टर म्हणतो गोळ्या लागू पडतील, पण त्या फुप्फुसाचा तेवढा तुकडा पूर्वीसारखा होणार नाही. मिठाच्या टोपल्या तिने आता उचलायच्या नाहीत. तीस वर्षं उचलल्या. हा मोसम सुरू झाला आणि ती ओट्यावर बसून आहे. याला मी आणि तू, आपण दोघी जबाबदार आहोत, आणि मी आधी.

एक बाटली घेऊन गेले होते, दादांच्या वेळची, जाड काचेची. मिथुनने विचारलं, "बाई, हे काय?" मी तिच्यात चिंचोके मोजून घातले, सहा महिन्यांचे, दिवसाला एक. सरूने स्वतःच्या पदराची कड फाडून गळ्याला बांधली. मला सांगावं लागलं नाही. कालची गोळी घेतली आणि एक चिंचोका काढून अंगणात फेकला. पोर दारात होती, ती टाळ्या वाजवायला लागली. आता ते रोज चालणार आहे.

आता तुझ्याकडून काय हवं ते लिहिते. हे मी आत्या म्हणून मागत नाही, आणि मास्तरीण म्हणूनही नाही.

दुकानांतले आणि टपऱ्यांवरचे डबे परत घे. धाटावच्या नाक्यावरचे सगळ्यात आधी. चहा बंद कर असं मी म्हणत नाही. बनफशा खोटा नाही, घशाला खरंच उतार पडतो, आणि तू फुलं चांगली आणतेस, मी काल सरूकडे उरलेला एक डबा फोडून चाळून बघितला. एक काडी नाही, एक मूळ नाही. दादांनी मान डोलावली असती. पण गोकर्ण काढ. तपकिरी दिसू दे. डब्यात आठच पुड्या घाल, नववी नको. समोर, फोटोखाली, वैद्य खोडून मोठ्या अक्षरांत "कंपाउंडर" लिही. आणि त्याखाली, फोटोच्या आकाराचं चित्र काढ: एक रिकामी बाटली, आणि एक माणूस दुसऱ्याचं मनगट धरून त्याला दवाखान्याच्या दारातून आत नेतोय. ज्याला वाचता येत नाही त्याला ते कळेल.

तुला वाटेल आत्या धंदा बुडवायला निघाली. बुडेल कदाचित. मी तुझ्याकडे येऊन डबे चिकटवायला बसेन, डोळे अजून चांगले आहेत. येऊ नको म्हणालीस तरी धाटावच्या नाक्यावर मी दर रविवारी दुपारच्या शिफ्टला उभी राहणार आहे, निळ्या शर्टचा माणूस सापडेपर्यंत. या रविवारी तो आला नव्हता. पण दुसरे दोघे खोकत होते. एकाने विचारलं, "मावशी, तुमी रोज येता?" म्हटलं, "तू रोज खोकतोस?" तो हसला, पण सोमवारी दवाखान्यात गेला. मी फोन करून खात्री केली.

आणि आता शेवटचं. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले, बाकीचं आधी आलं.

१२ तारखेला तू फोनवर माझ्याशी सात मिनिटं बोललीस. त्यात पाच वेळा खोकलीस. मी तुला पाणी प्यायला सांगितलं. काल, चिंचोके मोजताना, ते मला पुन्हा ऐकू आलं. कोरडा, वरवरचा, मधेच अडणारा. आणि तू तुझ्या प्रत्येक घाण्याचा चहा स्वतः चाखतेस, असं तुझ्या डब्यावरच छापलं आहे. म्हणजे तुला रोज उतार पडत असणार. म्हणजे तू कुणाला दाखवलं नसणार. सरू माझ्या स्वयंपाकघरात तीन महिने खोकली आणि मी ऐकलं नाही. तुझा ऐकला आहे.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर चालणार नाही. चित्र चालणार नाही, फोन चालणार नाही. तू फोनवर "काही नाही गं" म्हणशील आणि मी विश्वास ठेवीन, मला ठेवायचाच असतो. कागदावर, तुझ्या हाताने, तारीख घालून लिही. शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर साडेपाचच्या एसटीने मी रोह्याला येईन आणि तुझं मनगट धरून तुला दवाखान्यात नेईन. शेजारीपाजारी बघतील, बघू देत.

डब्यांचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल. आधी या एका प्रश्नाचं दे.

किती दिवस?

तुझी,
वत्सलाआत्या
कंपाउंडरची मुलगी